पॉझिटिव्ह सॅम्पलमधले जंतू लॅबच्या फ्रीजरमध्ये साठवून ठेवले तर चालतं का? लायसन्स लागतं का?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीतल्या तुमच्या व्हेट मित्राने क्लिनिकला लागूनच छोटी लॅब टाकलीय, तबेल्यातल्या म्हशींची सॅम्पल्स येतात, आणि ब्रुसेलासारखं (गुरांमध्ये गर्भपात करणारा, माणसालाही लागणारा जंतू) काही पॉझिटिव्ह निघालं की तो ते कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जंतू, "पुढे कामी येईल" म्हणून फ्रीजरला टाकून देतो. मी मुंबईतच व्हेटरनरी मायक्रोबायोलॉजीत काम करतो, वकील नाही, पण या भानगडीत रोज असतो म्हणून सांगतो.

आपल्याकडे यासाठी एकच एक कायदा नाही. इंग्लंडमध्ये "स्पेसिफाइड ॲनिमल पॅथोजेन्स ऑर्डर" आहे, त्याच्या यादीत ज्या जंतूचं नाव आहे तो लायसन्सशिवाय जवळ बाळगणंच गुन्हा, विषय संपला. आपल्याकडे मात्र तुकडे जोडत बसावं लागतं. एक म्हणजे २००९ चा प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा केंद्रीय कायदा (याच्या आधी घोड्यांच्या ग्लँडर्स या रोगासाठी १८९९ चा कायदा चालू होता, म्हणजे बघा). त्यात लस, निदान, संशोधन करणाऱ्या प्रत्येक लॅबवर जबाबदारी टाकलीय की शेड्यूलमधल्या (कायद्याला जोडलेल्या यादीतल्या) रोगाचा जंतू बाहेर सुटता कामा नये आणि सुटलाच तर आजूबाजूच्यांना सावध करायचं. दुसरं, पर्यावरण कायद्याखालचे १९८९ चे नियम. लोकांना वाटतं ते फक्त जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, बियाण्यांसाठी आहेत, पण नावातच धोकादायक सूक्ष्मजीव आहेत आणि साठवणूकसुद्धा आहे. संस्थेची बायोसेफ्टी कमिटी, वर डीबीटीमधली (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आरसीजीएम ही देखरेख समिती, ही साखळी तिथून येते. बाहेरच्या देशातून काही मागवायचं किंवा पाठवायचं असेल तर आणखी वेगळी परवानगी, त्यात आत्ता शिरत नाही.

तुमच्या मित्राची खरी अडचण लायसन्सच्या आधीची आहे. ब्रुसेलोसिस (ब्रुसेलामुळे होणारा रोग) शेड्यूलमध्ये आहे, म्हणजे पॉझिटिव्ह आलं की पशुसंवर्धन खात्याला कळवायलाच हवं. तबेलेवाला नाराज होईल, गिऱ्हाईक जाईल म्हणून बरेच जण गप्प बसतात. फ्रीजरमधल्या कल्चरच्या बाटल्यांपेक्षा हे जास्त अंगाशी येईल असं माझं मत.

आणि सॅम्पल वेगळं, कल्चर वेगळं, हे त्याच्या डोक्यात नीट बसलेलं दिसत नाही. म्हशीचं रक्त निदानासाठी पाठवायचं तर साधारण कॅटेगरी बी (संसर्गजन्य माल पाठवण्याच्या नियमांतला कमी धोक्याचा वर्ग), खोक्यावर त्या वर्गाचा नंबर यूएन ३३७३ लिहिलेला चौकोन, आत ट्यूब, तिच्याभोवती गळलं तर शोषून घेईल इतका कापूस, मग गळणार नाही असा डबा, मग बाहेरचं टणक खोकं. पण त्याच रक्तातून ब्रुसेला अबॉर्टस वाढवला की ते कल्चर कॅटेगरी ए या जास्त धोक्याच्या वर्गात जातं, म्हणजे पॅकिंग, कागदपत्रं, ट्रेनिंग सगळंच बदलतं, कारण प्लेटवर जंतू कैक पटींनी जास्त असतात आणि हवेतून सहज जातात. लॅबमध्ये काम करणाऱ्यांना होणाऱ्या इन्फेक्शनमध्ये ब्रुसेला कायम वरच्या नंबरावर असतो. प्लेटचं झाकण उघडून वास घेऊन जंतू ओळखायची जुनी सवय अजून काही सिनियर लोकांना आहे, बघितलं की अंगावर काटा येतो.

बरं, लायसन्स असलं म्हणजे झालं असंही नाही. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये पिरब्राइटच्या प्राणीरोग लॅबच्या आवारातून लाळ्या-खुरकुतचा विषाणू बाहेर गेला तेव्हा तिथे परवाने सगळे होते, गळत होती ती सांडपाण्याची जुनी पाईप, वरून जोराचा पाऊस, मातीत विषाणू आणि त्या मातीतून गाड्यांची ये-जा. २०१९ मध्ये चीनमध्ये लान्झोऊच्या लस कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं, धुराड्यातून ब्रुसेला बाहेर पडला आणि दहा हजारांवर लोकांना लागण झाली. दोन्हीकडे चोर कुलूप तोडून आला नव्हता, घाण ज्या वाटेने बाहेर जाते तीच वाट फुटकी होती. म्हणून मी कुठल्याही लॅबमध्ये गेलो की आधी मोरी बघतो, ऑटोक्लेव्हचं (दाबाखालच्या वाफेने जंतू मारायचं यंत्र) रजिस्टर बघतो, स्पोअर टेस्ट (चिवट जंतू आत ठेवून ते खरंच मेले का ते बघणं) शेवटची कधी लावली ते विचारतो. नुसत्या ऑटोक्लेव्हच्या टेपवर उष्णतेने काळे पट्टे आले म्हणजे आतलं मेलं असं नसतं. आणि मुंबईत तर जुलैमध्ये हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं, तिथे तळमजल्यावर कल्चर ठेवणाऱ्याला मी तरी परवानगी दिली नसती, कायद्यात मजल्याचं काही लिहिलेलं नसलं तरी.

मित्राला म्हणावं आधी राहिलेलं रिपोर्टिंग कर, मग फ्रीजरमध्ये काय काय आहे त्याची यादी कर, आणि जे नको ते ऑटोक्लेव्ह करून पिवळ्या पिशवीतून बायोमेडिकल वेस्टवाल्याला दे. एखादं खरंच जपण्यासारखं वाटलं तर पुण्यातल्या औंधच्या सरकारी पशुरोगनिदान लॅबला फोन करून विचार, हो म्हणाले तर पाठवायचं कसं तेही त्यांनाच विचार, स्कूटरच्या डिकीत घालून एक्सप्रेसवेने निघू नकोस.