विठ्ठलराव विखे पाटील फारसे शिकलेले नव्हते, तरी त्यांनी साखर कारखाना कसा उभा केला? गावासाठी काही करायचं असेल तर त्यांच्याकडून काय घ्यावं?

विखे पाटील म्हटलं की आज डोळ्यांपुढे राजकारणातलं घराणं येतं. त्याबद्दल तुमचं मत काहीही असो, तूर्त ते बाजूला ठेवा आणि नगर जिल्ह्यातल्या लोणीच्या या शेतकऱ्याची कारखान्याआधीची वर्षं बघा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

प्रवरा नदीवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. तिच्या कालव्यांवर ऊस वाढला, पण शेतकऱ्याच्या हातात पैसा काही टिकेना. ऊस आमच्या घरी आजोबांपासून आहे, त्यामुळे गुऱ्हाळाचं गणित मला ठाऊक आहे. चरकातून रस काढायचा, काईलीत आटवायचा, वर येणारी मळी काढत राहायची, चुलवाणाचा जाळ सांभाळायचा आणि एवढं करून ढेपा आडत्याच्या दारात नेऊन तो म्हणेल तो भाव घ्यायचा. १९३० नंतरच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि बागाईतदार कर्जात रुतला. दुसरीकडे खाजगी कारखाने जमिनी खंडाने घेत होते. स्वतःच्याच रानात मजुरीला जायची वेळ लोकांवर आली.

या सगळ्याच्या आधीच, १९२३ साली, विखे पाटलांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली होती. मला ही गोष्ट कारखान्याइतकीच मोठी वाटते. कर्ज कुणाला द्यायचं, वसूल कसं करायचं, नात्यातल्याला नाही कसं म्हणायचं, हे गावात राहून वर्षानुवर्षं करणं फार अवघड असतं. पुढे हाच माणूस गावोगाव फिरून कारखान्याच्या शेअरसाठी पैसे मागू लागला. कारखाना कुठं दिसत नव्हता आणि पैसे बुडाले तर घर बसणार होतं. तरीही लोकांनी दिले, कारण पतपेढीतला त्यांचा व्यवहार लोकांना माहीत होता.

दुसरी गोष्ट अध्यक्षपदाची. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांना त्यांनी या कामात ओढलं आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच झाले. उन्हातान्हात फिरून भांडवल गोळा करणाऱ्याने खुर्ची दुसऱ्याला द्यावी, हे आमच्याकडच्या कुठल्याही सोसायटीची निवडणूक पाहिलेल्या माणसाला विचारा किती अवघड आहे! गाडगिळांमुळे हिशेबाला शिस्त आली आणि सरकारदरबारी शब्दाला वजन आलं. मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले, सरकारने भागभांडवल घातलं, औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं. १९५० च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. विखे पाटलांना १९६१ साली पद्मश्री मिळाली.

सहकारामुळे शेतकऱ्याला नेमकं काय मिळालं, तर एका सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत. हे कागदी वाटेल, पण तोडलेला ऊस वाळायला लागला की वजन जातं, उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण घटतं. गाडी काट्यावर अडकून पडली तर शेतकरी ऊस परत घेऊन जाऊ शकत नाही, त्यामुळे भाव आणि वजन दोन्हींत तो दबतो. कारखान्यात मताचा हक्क असलेला माणूस निदान वार्षिक सभेत उभा राहून याचा जाब विचारू शकतो.

तुम्हाला गावात काही करायचं असेल तर माझं ऐका, ग्रामपंचायतीच्या पॅनलपासून सुरुवात करू नका. गावच्या विकास सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा, सभासद व्हा, वार्षिक सभेआधी अहवाल मागून घ्या, ताळेबंद आणि थकबाकी नीट वाचा आणि सभेत एक प्रश्न विचारा. पहिल्या वर्षी लोक हसतील. दुसऱ्या वर्षी सभेआधीच दोघं-तिघं तुमच्याकडे स्वतःचा खातेउतारा घेऊन येतील. त्यांचं काम आधी करा.