फळ्यावरचं 'स्थिर'

लेकरा,

तुझं पत्र मिळालं. "सर, शास्त्रज्ञ आपलंच म्हणणं बदलत राहतात, मग भरवसा कशावर ठेवायचा?" हा तुझा प्रश्न वाचला आणि 1992 सालचा माझा भूगोलाचा तास आठवला.

फळ्यावर दख्खनचं पठार काढून मी मधोमध 'स्थिर' असं लिहिलं होतं. किल्लारीकडचा एक पोरगा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, आमच्याकडं रात्री उतरंड खडखडती." त्या ऑक्टोबरात तिकडं बारीक हादरे बसत होते. मी हसून म्हणालो, "भूकंपधोक्याचा नकाशा बघ, आपण सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात आहोत." नकाशात तसं होतंही. पुढच्या वर्षी, 30 सप्टेंबरला, गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. जवळपास दहा हजार माणसं गेली. तो पोरगा वाचला; त्याला तोंड दाखवायला मला दोन महिने लागले.

आता यात मोडलं काय, ते नीट बघ. 'पठाराच्या पोटात मोठा भूकंप होत नाही' ही समजूत मोडली. भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठाले तुकडे, सरकतात हा सिद्धान्त मोडला नाही. उलट आपला भूपट्ट वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर उत्तरेला रेटतो आणि त्याचा ताण आतल्या जुन्या भेगांवरही येतो, हे त्याच सिद्धान्तावरून उलगडत गेलं. किल्लारीला खोल बोअर घेतला, तेव्हा काळ्या बेसॉल्टचे थर 338 मीटरवर संपले आणि त्याखाली फार जुना खडक लागला. 2002 साली त्या नकाशातला पहिला विभागच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग जास्त धोक्याच्या तिसऱ्यात गेला. किल्लारीजवळच्या निम्न तेरणा धरणाच्या पाण्यानं भूकंप आणला का, हा वाद मात्र मिटलेला नाही. कोयनेला धरण भरू लागल्यापासून हादरे चालू आहेत आणि पाण्याच्या चढउताराशी त्यांचा मेळ लागतो. तेरणेला तसा मेळ दाखवता आला नाही. म्हणून शहाणा माणूस तिथं गप्प राहतो.

भूपट्टांचं म्हणणंही कुणी पहिल्या दिवशी डोक्यावर घेतलं नव्हतं. खंडं सरकतात असं वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानं 1912 साली मांडलं. चंद्रपूरकडच्या कोळशात ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे जे ठसे सापडतात, तेच आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडतात, हा पुरावा तेव्हाही होता. पण एवढं मोठं खंड ढकलतं कोण, याचं त्यानं दिलेलं उत्तर लंगडं होतं. नाकारणारे सगळेच काही मूर्ख नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. समुद्रतळ मधे फाटून दोन्ही बाजूंना सरकतो, हे 1960 नंतर खडकांतल्या चुंबकीय पट्ट्यांवरून दिसलं, तेव्हा बहुतेकांनी मान्य केलं. वेगेनर तोवर नव्हता. 1930 मध्येच तो ग्रीनलंडच्या बर्फात गेला.

तुझ्या आजोबांच्या शेतात पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली होती, आठवतं? पाणी लागलं असतं तर ती त्याची विद्या. नुसता फुफाटा उडाला, तर म्हणे तुमचं नशीब! त्याचं म्हणणं तीस वर्षांत तसूभर बदललं नाही. भरवशाचं म्हणून तू हेच शोधत असशील तर माझा विरोध आहे. आणि पुन्हा कुणी 'ही नुसती थिअरी आहे' म्हणालं, तर भांडू नकोस. कुठला बोअर कोरडा गेला की तो आपलं म्हणणं सोडेल, एवढंच विचार.

दिवाळीला येशील तेव्हा माझी ती जुनी टाचणवही दाखवतो. 'स्थिर' खोडलेलं नाही. शेजारी तारीख लिहिली आहे, आणि त्या पोरानं सांगितलेलं उतरंडीचं वाक्य.

तुझा,
सर