काळा घोड्याच्या नव्या बुटीकमधल्या साध्या, सैल कुर्त्याला 14 हजार रुपये का? घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय, ना जर, ना भरतकाम, रंग ताकासारखा आणि माप ढगळ, मग पैसे कशाचे? लोअर परळला एका डिझायनरच्या वर्कशॉपमध्ये मी अठरा वर्षं कटिंग करतेय, म्हणून सांगते.

ढगळ वेगळं, सैल वेगळं. घट्ट कपड्याला अंग सावरून धरतं. सैल कपडा नुसता खांद्यावर लोंबतो. खांद्याची उतरण जरा चुकली की कुर्ता मागे सरकतो, गळा घशाला लागतो आणि बाई दिवसभर तो पुढे ओढत बसते. आमचे मास्टर असल्या ‘साध्या’ कुर्त्याचा नमुना आधी मांजरपाटात, म्हणजे स्वस्त, जाड्याभरड्या सुती कापडात, चार-चार वेळा शिवून घेतात. भरतकाम असलं की चूक बुट्ट्यांखाली खपून जाते, इथे लपवायला जागाच नाही.

असा कुर्ता कापडही खूप खातो. हातमागाच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुधा 44-46 इंच, यंत्रमागाचा 58 सहज मिळतो. त्यात उरेब, म्हणजे तिरका, काप असेल तर चिंध्याच जास्त निघतात. लिनन आपल्या घामट हवेला उत्तम, पण विरारहून उभ्याने चर्चगेटला पोचेपर्यंत त्याचा बोळा होतो, हे दुकानात कुणी सांगत नाही.

आणि हो, त्या 14 हजारांत जागेचं भाडं आहे, पिवळे दिवे आहेत, तुम्हाला दिलेलं कोकम सरबतही आहे. फोर्टात लायन गेटजवळ 1987 मध्ये ‘एन्साम्बल’ हे डिझायनर कपड्यांचं दुकान सुरू झालं, तेव्हा आई जवळच टायपिस्ट होती. आत जायचा तिला कधी धीर झाला नाही. तुम्ही बिनधास्त जा आणि कुर्ता उलटा करून बघा. शिवणीत अर्धा इंच तरी माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, हवी. कडांना नुसतं ओव्हरलॉक (धागे निघू नयेत म्हणून मशीनने घातलेली दोऱ्याची वीण) आहे की कडा शिवणीच्या आत दुमडल्यात? मग घालून, लोकलची कडी धरल्यासारखा हात वर करा. अख्खा कुर्ता हाताबरोबर उचलला गेला तर मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, फार खाली कापलाय. ठेवून द्या.

पास झाला आणि परवडत असेल तर एक घ्या, वर्षानुवर्षं वापराल. नाहीतर मंगळदास मार्केटमधून लिनन आणा, पण टेलरला आधी मांजरपाटाचा शिवायला सांगा. तो कुरकुरेल, जादा पैसे मागेल. द्या.