डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह, मग ताप कसला?

प्रश्न : डॉक्टर, मिस्टर पावसाळ्यात मित्रांबरोबर येऊरच्या जंगलात जाऊन आले, नंतर दीडेक आठवड्याने सणकून ताप, डोकं प्रचंड दुखायचं, प्लेटलेट्स खाली. डेंग्यू मलेरिया दोन्ही निगेटिव्ह. शेवटी रात्री कॅज्युअल्टीत नेलं तर तिथल्या मॅडमनी शर्ट-पँट काढायला लावून काखा, जांघा सगळं तपासलं, म्हणाल्या स्क्रब टायफस वाटतोय आणि रिपोर्ट यायच्या आधीच गोळ्या चालू केल्या. आता ताप नाहीये, पण एवढ्या टेस्टमध्ये हे का नाही सापडलं? आणि रिपोर्टशिवाय औषध देतात का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, देतात आणि द्यायलाच हवं, त्या मॅडमचं मला खरंच कौतुक वाटलं. डेंग्यूच्या टेस्टमध्ये डेंग्यूच कळतो, जे मागितलंच नाही ते लॅब कुठून सांगणार. आणि स्क्रबची आयजीएम टेस्ट (रक्तातली अँटीबॉडी शोधणारी) केली असती तरी पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते, अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो ना.

स्क्रब टायफस हा जंतूंमुळे होणारा ताप. गवताझुडपातल्या माइट नावाच्या किड्याची पिल्लं चावतात, इतकी बारीक की कळतही नाही, त्यातून जंतू शिरतात आणि 6 ते 21 दिवसांनी ताप येतो. चावल्या जागी बऱ्याचदा काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी, पण ती दुखत नाही खाजत नाही त्यामुळे पेशंटलाच माहीत नसते, आणि असते कुठे तर काखेत, जांघेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, बायकांना स्तनाखाली, म्हणजे गर्दीच्या कॅज्युअल्टीत कोणी बघत नाही नेमकं तिथे. खपली सगळ्यांना असतेच असंही नाही.

रिपोर्टसाठी थांबण्यात धोका असा की फुप्फुसं, किडनी, मेंदूपर्यंत प्रकरण जातं. नेहमीची अँटिबायोटिक, म्हणजे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं इथे उपयोगाची नाहीत, साधी स्वस्त डॉक्सीसायक्लिन लागते, बहुतेकांचा ताप 48 तासांत उतरतो. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात.

आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) असंच होतं, साचलेल्या पाण्यातून चालत आलेला माणूस, पोटऱ्या ठणकतायत, डोळे लाल, आणि सगळे व्हायरल व्हायरल म्हणत बसतात. म्हणून कॅज्युअल्टीत गेल्यावर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, मागच्या तीन आठवड्यांत कुठे गेलात, पाण्यातून चाललात का, आधी कुठली अँटिबायोटिक घेतली, सगळं आपणहून सांगा.

मिस्टरांचा गोळ्यांचा कोर्स मात्र पूर्ण करा, बरं वाटतंय म्हणून मधेच सोडू नका.