मतचाचणी, कुकी आणि आपली ओळख

प्रश्न : ऑनलाइन मतचाचणीत पुन्हा गेल्यास ‘आपण मत दिले आहे’ असे दिसते. नाव न विचारता हे कसे कळते?

उत्तर : नाव कळलेले नसतेच. मत देताच संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ‘मत=दिले’ अशासारखा मजकुराचा छोटा तुकडा, ठेवते आणि पुढच्या भेटीत ब्राउझर तोच परत पाठवतो; १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यांनी ही सोय केली, ती आधीची भेट लक्षात राहावी यासाठीच. मात्र कुकी पुसली की दुसरे मत सहज देता येते. आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून अडवले, तर एकाच वायफायवरील घरातल्या चौघांपैकी तिघांचे मत नाहक बुडते. लॉगिनमुळे दुबार मते घटतात, पण मत नावाशी जोडले जाऊ शकते. साध्या पसंतीच्या चाचणीसाठी एवढी माहिती मागणे मला मुळीच योग्य वाटत नाही.