सहमतीच्या अटी लिहिताना

सप्रेम आशीर्वाद.

सनद मिळून वर्ष व्हायच्या आत तू कुटुंब न्यायालयात एकटीने उभी राहणार आहेस, हे वाचून बरे वाटले. दिवाणी न्यायालयातून तिकडे जाणारे वकील हमखास एका ठिकाणी अडखळतात, ते आधी सांगते. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार तिथे पक्षकाराला वकील देण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, त्यामुळे वकीलपत्रासोबत हजर राहण्याच्या परवानगीचा अर्जही दाखल कर. परवानगी बहुधा मिळते. अर्ज मात्र लागतो.

ज्या बाईंविषयी तू लिहिलेस, त्यांच्याकडे नोटरीसमोर केलेली सोडचिठ्ठी आहे आणि ‘म्हणजे घटस्फोट झालाच ना?’ असे त्या विचारतात. हा प्रश्न तुला पुढे शेकडो वेळा ऐकावा लागेल. बाँड पेपर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि नोटरीचा गोल शिक्का, असा तो कागद दिसायला न्यायालयाच्या निकालापेक्षाही भारदस्त असतो. परंतु हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खालचा विवाह संपवायला न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. कलम २९(२) मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, मात्र आपल्या समाजात तशी रूढी पूर्वापार आणि अखंड चालत आलेली आहे, हे पुराव्याने शाबीत करावे लागते. ते जमले नाही, तर त्या कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न शून्य ठरते आणि वर द्विविवाहाचा गुन्हा अंगावर येतो. हे त्यांना पहिल्याच भेटीत सांग. तो कागद मात्र फाडू देऊ नकोस, कारण दोघे कोणत्या तारखेपासून वेगळे राहतात, हे दाखवायला तो उपयोगी पडतो.

‘किती दिवस लागतील?’ याला आकडा सांगायचा मोह टाळ. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ब खाली परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज करण्यापूर्वी दोघे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. वेगळे म्हणजे पती-पत्नी म्हणून वेगळे, छप्पर एकच असले तरी चालते. अर्जानंतर थांबायचे सहा महिने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून माफ होऊ शकतात; परंतु त्यासाठी वेगळे राहण्याचे वर्ष आणि हे सहा महिने मिळून होणारा काळ आधीच उलटलेला असावा लागतो, समेटाचे प्रयत्न खरोखर संपलेले असावे लागतात आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे बाबी मिटलेल्या असाव्या लागतात. २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालाची बातमी मोबाईलवर दाखवणारे पक्षकारही येतील. संसार सावरण्यापलीकडे मोडला, एवढ्या एका कारणावर विवाह संपवण्याचा तो अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे, हे पटवून देताना बहुधा दुसरा चहा मागवावा लागतो.

पोटगीबाबत थोडक्यात लिहिते. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून ‘समेट होईल का ते बघू’ म्हणत अर्ज महिनोन्‌महिने फाईलमध्ये ठेवू नकोस. बाईंकडे फीचे पैसे नसतील, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, हेही त्यांना सांग, मग ते काम तुझ्याकडे न आले तरी चालेल.

तुझे खरे कसब लागेल ते सहमतीच्या अटी, म्हणजे दोघांनी मान्य करून न्यायालयात द्यायच्या तडजोडीच्या अटी, लिहिताना. हुकूमनामा दोन ओळींत होतो, पण पुढची वीस वर्षे ही माणसे त्या अटींच्या आधाराने किंवा त्यांच्या जाचात जगतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका मसुद्यात ‘पत्नीला तिचे सर्व स्त्रीधन मिळाले असून त्याबाबत तिची काही तक्रार नाही’ असे वाक्य टाकले. सगळेच टाकत, म्हणून मीही टाकले. कोर्टाबाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन त्या मुलीने सही केली, तेव्हा तिच्या चार पाटल्या, मोहनमाळ आणि ठुशी सासूबाईंच्या लॉकरमध्ये होत्या आणि ‘निकाल झाला की देतो’ असे तोंडी ठरले होते. निकाल झाला, दागिने आले नाहीत, आणि आम्ही मागायला गेलो तेव्हा समोरच्या वकिलाने माझेच वाक्य मला वाचून दाखवले. तेव्हापासून माझ्या मसुद्याला यादी जोडलेली असते. दागिन्याचे नाव, अंदाजे वजन, देण्याची तारीख आणि जागा, असे रकाने असतात; वस्तू हातात पडल्यावर पावतीवर सही होते, त्याआधी नाही.

घराचेही असेच आहे. आपल्याकडे लग्नानंतर घेतलेली मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होत नाही. गोव्यात वेगळा करार नसेल तर ती सामाईक धरली जाते, म्हणून विवाहाची नोंद तिकडची असेल तर फाईल वेगळ्या नजरेने वाच. फ्लॅट दोघांच्या नावे असेल आणि नवरा हक्क सोडणार असेल, तर हक्कसोडपत्राची नोंदणी कधी, मुद्रांक शुल्क कोणी भरायचे आणि सोसायटीच्या भागपत्रावरचे नाव कोणी बदलून घ्यायचे, हे सारे लिही. गृहकर्ज दोघांच्या नावे असेल, तर बँक आपल्या अटींना बांधील नसते. ‘हप्ते पती भरेल’ असे लिहून बाईंची सहकर्जदार म्हणून असलेली जबाबदारी संपत नाही.

छळाचा फौजदारी खटला चालू असेल, तर भारतीय दंड संहितेचे जुने कलम ४९८अ, म्हणजे आताचे भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, आपसात मिटवता येत नाही. तो उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावा लागतो. तडजोडीचा शेवटचा हप्ता त्या तारखेला बांधला, तर दोन्ही बाजू शब्दाला जागतात.

मुलाच्या परिच्छेदाला सर्वांत जास्त वेळ दे. ‘वडिलांना वाजवी भेट मिळेल’ या वाक्यावर मी नेहमी लाल रेघ मारते, कारण वाजवी म्हणजे काय याचेच भांडण पुढे होते. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. आणायला कोण जाणार. दिवाळीच्या सुटीचा पहिला अर्धा भाग कोणाकडे. गणपतीत मूल कोणत्या घरी. पासपोर्टच्या अर्जावर दोघांची संमती. शाळेच्या प्रगतिपुस्तकाची प्रत वडिलांना. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहते, एवढे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात आहे. त्यापुढे न्यायालय मुलाचे हित पाहते. घाईने घटस्फोट हवा म्हणून मुलाची पोटगी सोडायला आई तयार होईल. तिला ती सोडता येत नाही, तो हक्क मुलाचा आहे.

विरोधात लढून झालेल्या निकालानंतर अपिलाची मुदत संपेपर्यंत पक्षकाराला लग्नाचा मुहूर्त काढू देऊ नकोस.

सोमवारी येताना त्या बाईंच्या अटींचा कच्चा मसुदा घेऊन ये. दागिन्यांच्या यादीसाठी पान कोरे ठेव. त्यांच्या आईलाही बोलाव, कारण कोणत्या समारंभात काय घातले होते, हे आईला आठवत असते आणि लग्नाचा अल्बमही तिच्याचकडे असतो.