‘बंदिवास उलटवणं’ म्हणजे नेमकं काय?

विचारणा अशी: बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव ‘बंदिवास उलटवीन’ म्हणतो. पण तोच यिर्मया २९व्या अध्यायात बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या आपल्या लोकांना पत्रातून कळवतो की घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा. मग हा बंदिवास कसला? आणि तो उलटवायचा म्हणजे काय करायचं?

आधी बंदिवासाबद्दल. मराठीत हा शब्द ऐकला की गज दिसतात, आणि घोटाळा तिथेच होतो. इ.स.पू. ५९७ मध्ये आणि पुन्हा राजधानी यरुशलेम पडल्यावर बाबेलच्या राजाने यहूदा राज्यातली माणसं नेली, ती तुरुंगात टाकायला नव्हे, दूर देशी वसवायला. ‘वनवास’ इथे चालणार नाही. वनवासाला निघालेला राम चौदा वर्षांनी स्वतः परततो, इथे मुदत सत्तर वर्षांची, म्हणजे गेलेल्यांपैकी बहुतेकांची हाडं तिकडेच पडणार. ‘हद्दपारी’त माणसाला सीमेबाहेर घालवतात, पुढे तो कुठे का जाईना. मला विचाराल तर बखरींतलं ‘पाडाव करून नेणं’ सगळ्यात जवळचं.

खरी गंमत ‘उलटवीन’मध्ये आहे. मूळ हिब्रू शब्दजोडी ‘शूव श्वूत’. ‘शूव’ म्हणजे परतणं, वळणं. ‘श्वूत’चा संबंध जुन्या भाषांतरकारांनी ‘पकडून नेणं’ या अर्थाच्या धातूशी लावला, म्हणून बंदिवास आला. पण हीच शब्दजोडी बायबलातल्याच ईयोबाच्या पुस्तकात ४२व्या अध्यायात ईयोबाबद्दल येते, आणि ईयोबाला तर कुणी कुठे नेलं नव्हतं! त्याची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. तो होता आपल्याच गावी. त्यामुळे अनेक अभ्यासक ‘श्वूत’ही ‘शूव’पासूनच आला असं मानतात: गेलेलं सगळं माघारी वळवणं, पूर्वस्थिती आणणं.

यासाठी आपल्याकडे अगदी घरचा शब्द आहे: दिवस पालटणं. ‘दिवस फिरले’ म्हटलं की वाईट काळ आला, ‘दिवस पालटले’ म्हटलं की बरा काळ आला. हा फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. बायबलातलं १२६वं स्तोत्र याच शब्दजोडीने विनवणी करतं, आमचे दिवस पालट, नेगेवातल्या ओढ्यांसारखे. नेगेव हा यहूदाच्या दक्षिणेचा रखरखीत मुलूख. तिथले ओढे एरवी ठणठणीत कोरडे आणि पाऊस झाला की एकाएकी दुथडी. तिथे ‘बंदिवास उलटव’ म्हटलं तर ओढ्याची उपमा लटकत राहते. ‘दिवस पालट’ म्हणून पाहा, लगेच बसते.

आता यिर्मयाचा ३२वा अध्याय काढा. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलाय. यिर्मया स्वतः राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. म्हणजे शब्दशः बंदिवान तो! अशा वेळी तो चुलतभावाकडून अनाथोथ गावचं शेत १७ शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदीला विकत घेतो. साक्षीदार, मोहोर, खरेदीखत, सगळं रीतसर. खत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. अध्यायाच्या शेवटच्या वचनात देव म्हणतो की या देशात पुन्हा शेतं विकत घेतली जातील, खतं लिहिली जातील, आणि त्याचं कारण देताना वापरतो ती हीच शब्दजोडी. शेताच्या खरेदीखताशेजारी मला तरी ‘त्यांचे दिवस मी पालटीन’ हेच ऐकू येतं.